नईमच्या बहिणीचं वाक्य

॥ श्री ॥

फुनाबोरी, टोकियो
रविवार, १९ नोव्हेंबर १९९५

प्रिय गुणादादा,

पत्रास कारण आहे, पण ते मी शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर तू पुढचं वाचायचा नाहीस, आणि मधलं वाचल्याशिवाय ते तुला पटायचं नाही. तुझं भाऊबीजेचं पत्र पोचलं. साडेतीन ओळी. तुम्ही सर्व मजेत, पद्मिनीवहिनींचे गुडघे जरा बरे, बार्शीत पाऊस बेताचा, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत सही. साडेतीन ओळींसाठी विमानाला एवढं लांब उडायला लावतोस, त्याची तरी जरा लाज बाळग. पण तुझी सवयच ती. आठ महिने आत होतास तेव्हाही एवढंच लिहायचास.

इथे आम्ही ठीक. हरीशचं ऑफिस अजून योकोहामालाच आहे, त्यामुळे त्याच्या दिवसातले तीन तास गाडीत जातात. महिन्यातून एकदा तिथल्या सिंधी व्यापाऱ्याकडून तूरडाळ आणि हिंग घेऊन येतो आणि मोहीम जिंकल्यासारखा पिशवी टेबलावर ठेवतो. सई सहावीत आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि दोघींनाही वाटतं की आपण संभाषण केलं. कचऱ्याला इथे वार असतात, आपल्याकडे उपासाला असतात तसे. जळणारा कचरा अमुक वारी, न जळणारा तमुक वारी. चार वर्षांत मी एकदाच चुकले, तर खालच्या मजल्यावरच्या आजी माझी पिशवी हातात घेऊन वर आल्या, वाकून नमस्कार केला आणि परत देऊन गेल्या. त्यानंतर आजतागायत चुकलेली नाही.

मला दीड वर्षापासून एक अर्धवेळ काम आहे, ते तुला ठाऊक आहे. इथे त्याला आरुबाइतो म्हणतात. जिंबोचोला, जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एक भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. माहितीपट परदेशी महोत्सवांना पाठवतात तेव्हा पडद्याखाली इंग्रजी ओळी लागतात. कच्चं इंग्रजी दुसऱ्या कुणी करून दिलेलं असतं. मी कानाला हेडफोन लावून व्हिडिओ टेप पुढेमागे करते आणि माणूस जितका वेळ बोलतो तितक्या वेळात वाचून होईल एवढं ते इंग्रजी छाटते. म्हणजे माझं काम लोकांची वाक्यं कापायचं. मिरच्यांची लोणची कशी घालतात, यावरचा एक तासाचा चित्रपट मी असाच कापला. रेशमाच्या किड्यांवरचाही कापला. टायपिस्टने मजकुराशी नातं जोडू नये, असं वाईच्या टायपिंग क्लासचे गुरुजी सांगायचे. ते मी नेहमी पाळलं.

सप्टेंबरात मिझुतानी-सानचा चित्रपट आला. ही पन्नाशीची बाई आहे. कैरोत राहून अरबी शिकली. केस स्वतःच कापते, आणि ते दिसतं. दोन वर्षांपूर्वी तिकडे करार झाला, मग काही पॅलेस्टिनी कैदी सुटले, तेव्हा ही कॅमेरा घेऊन नाब्लुसजवळच्या एका गावात जाऊन राहिली. तिथल्या पाच जणांना तिने एकच गोष्ट करायला सांगितली. तुरुंगातून तुम्ही घरी जी पत्रं पाठवलीत ती घरच्यांकडून मागून आणा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक ओळीला थांबून सांगा, की हे लिहिलंत त्या दिवशी खरं काय चाललं होतं. सांगायचं नसेल तर गप्प बसा, मी कॅमेरा बंद करणार नाही. चित्रपट एवढाच. मुलींच्या शाळेला सुटी होती, तिथल्या एका वर्गात तो घेतलाय. पाच मोठे बाप्ये लहान बाकांवर बसलेत, गुडघे कुठे ठेवावेत ते कुणालाच कळत नाहीये.

पहिला वाचतो तो म्हातारा गवंडी. "माझी तब्येत उत्तम आहे. जेवण चांगलं मिळतं. सोबती चांगले आहेत." मग थांबतो. सांगतो, की त्या दिवशी एका बुटक्या स्टुलावर बसवलेलं होतं, हात मागे बांधलेले, डोक्यावर पोतं. पत्र लिहिण्यापुरते हात सोडले. सोबती कुणीच नव्हते. हे तो चुन्यात वाळू किती घालायची ते सांगावं तशा आवाजात सांगतो. दुसरा स्वतःचंच पत्र वाचून हसत सुटतो, कारण त्यात त्याने हवामान वर्णन केलंय आणि त्याच्या खोलीला खिडकीच नव्हती. तिसरा पत्र उघडतो, बघतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि बसून राहतो. ते बसणं दोन मिनिटं दहा सेकंदांचं आहे. तेवढा वेळ मला काही काम नव्हतं, म्हणून मी त्याचा चेहरा पाहिला.

मग मला तुझी पत्रं आठवली. नाहीतर कशाला आठवायची? "माझी प्रकृती उत्तम. वाचन भरपूर होते. संध्याकाळी व्हॉलीबॉल असतो." प्रत्येक पत्रावर तपासल्याचा शिक्का. अण्णा ते ओसरीवर उभे राहून वाचायचे, मग शेजारी आपल्या चुलतबहिणीकडे, मेधाकडच्यांना वाचून दाखवायचे, मग शाळेत घेऊन जायचे. बेचाळीस साली ते स्वतः चौदा महिने आत होते, त्यामुळे तुरुंग म्हणजे आपलं आजोळ असल्यासारखे ते बोलायचे. तिथे कागद पुढे करतात, म्हणायचे, वर्तन सुधारीन म्हणून सही कर आणि घरी जा म्हणतात. आमचा गुणवंत त्या कागदाला हात लावायचा नाही. तू बावीस वर्षांचा होतास. पत्रकं वाटताना सापडलास. तिथे तुझं खरंच काय झालं ते मला आजवर माहीत नाही. तुमच्या लग्नानंतर दहा वर्षांनी वहिनी एकदा बोलता बोलता म्हणाल्या, की हे मोरीचं दार लावून घेत नाहीत, लोटून ठेवतात. पुढे मी विचारलं नाही.

चित्रपट आला त्याच आठवड्यात मेधाचं पत्र आलं होतं. तिने तुला कळवलेलं नाही म्हणाली, म्हणून मी कळवते. आणीबाणीला वीस वर्षं झाली म्हणून जूनमध्ये वाईत तेव्हाच्या बंदींचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. समितीचे अध्यक्ष अण्णा. यादी त्यांच्यापुढे आली तेव्हा तुझं नाव सातवं होतं. समितीतली इतर मंडळी म्हणाली, की राहू द्या गुरुजी, वीस वर्षं झाली, आठ महिने काय कमी असतात? अण्णांनी लाल पेन मागून घेतलं आणि स्वतः नाव काटलं. सही देऊन सुटलेल्यांना या यादीत जागा नाही, म्हणाले. हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. पुढचं सांगितलं नसेल. गणपतीत त्यांना छातीचं दुखणं येऊन गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी मेधाला बसवून सगळं सांगून ठेवलं. घर कुणाला, पुस्तकं कुठल्या वाचनालयाला. आणि अग्नी मेधाच्या मुलाने, सुशांतने द्यायचा. गुणवंतला कळवा, पण दिवस झाल्यावर.

मी ते पत्र वाचलं, पिशवीत घातलं, सायकलवरून स्टेशनला गेले आणि कामाला बसले. त्या दिवशी नईमची टेप होती.

नईम शिंपी आहे. वर्गाचं दार लावू देत नाही, त्यामुळे त्याच्या भागात बाहेरच्या कोंबड्यांचे आवाज आहेत. त्याच्याकडे पत्रं थोडी, कारण अकराव्या दिवशी त्याने त्यांना हवा होता त्या कागदावर सही केली आणि त्याची चौकशी संपली. त्या कागदात गवंड्याचं नाव होतं. गवंड्याला चार वर्षांची शिक्षा झाली. हे नईम गवंड्यासमोर बसून पहिल्यांदा बोलतो. सांगतो, की शेजारच्या खोलीतून एका मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता आणि ते म्हणाले, ही तुझी बहीण. गवंडी म्हणतो, "मला माहीत होतं. तुझी सही त्यांनी मला दाखवली होती." मग म्हणतो, "पुढे वाच."

त्याच्यानंतर मिझुतानी-सान कॅमेरा घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात जाते. आता ती तीन मुलांची आई आहे. बोटाएवढ्या दुध्यांसारखी काहीतरी भाजी घेऊन ती आतून कोरतेय, भात भरण्यासाठी. शेजारच्या खोलीत ती नव्हतीच, ती त्या दिवशी घरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ती मान वर न करता म्हणते, "नईमने सही माझ्यामुळे केली, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला कुणी विचारलं नाही."

मी पहिलं वाक्य ठेवलं, थोडं छाटून. दुसरं पूर्ण काढून टाकलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, वेळ अपुरा. मग पुढच्या टेपकडे वळले, आणि संध्याकाळी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, सईसाठी वह्या घेऊन घरी गेले. मला काही झालेलं नव्हतं.

चार दिवसांनी मिझुतानी-सान ऑफिसात आली. माझी यादी तिच्या हातात होती आणि एका ओळीला पेन्सिलीची खूण होती. या बाईला राग येत नाही, तिला शंका येते, आणि ते जास्त त्रासदायक असतं. तिने माझ्या शेजारी खुर्ची ओढली, ती जागा टेपवर काढली आणि गळ्यातलं घड्याळ लावून तीनदा मोजली. मग तिच्या मोजक्या इंग्रजीत म्हणाली, "बसतंय, सुप्रभा-सान. अर्धा सेकंद उरतोय."

मी चूक कबूल केली, दुरुस्त करते म्हणाले. दीड वर्षात माझं मोजमाप चुकलेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती उठली नाही. तुमचं कुणी तुरुंगात होतं का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, भाऊ, आठ महिने, वीस वर्षांपूर्वी. तो काय लिहायचा? मी व्हॉलीबॉल सांगितला. ती हसली नाही. मग तिने विचारलं, "आणि तुम्ही त्याला काय लिहायचात?"

दादा, मला हे कुणीच कधी विचारलेलं नव्हतं. आतल्या माणसाने बाहेर काय कळवलं याची सगळे चौकशी करतात. पाच माणसांवर दीड तासाचा चित्रपट काढणाऱ्या या बाईलाही ते तोवर सुचलं नसावं, कारण विचारल्यावर ती स्वतःच थबकली. मी म्हणाले, घरची खुशाली लिहायचे. मग मी स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

आता मी तुला काय लिहायचे ते लिहिते. तुझं पाठ असेल, तरी लिहिते.

सगळी पत्रं आई सांगायची आणि मी लिहायची, आणि वरचा श्री ती स्वतःच्या हाताने घालायची. वाण्याच्या यादीवरसुद्धा घालायची. लहानपणी काकांच्या मरणाचं कार्ड आलं होतं, तेव्हा तिने आपल्या दोघांना ते दुरून दाखवलं होतं, वर बघा, श्री नाही, अशुभाच्या पत्राला श्री घालत नाहीत. वाचून झाल्यावर ते फाडलं आणि आपल्याला हात धुवायला लावले. तू आठ वर्षांचा, मी चार. तुला आठवतं, हे मला माहीत आहे.

शहात्तरच्या जून महिन्यात हरीशकडची मंडळी मला पाहून गेली. मुलगी पसंत होती. मलाही हरीश पसंत होता, हे मी घरात कुणाला बोलले नव्हते, पण तो मला इतका पसंत होता की त्याच्या नावाची चिठ्ठी मी उशीखाली ठेवायची. आता हे लिहिताना हसू येतं, कारण तो सध्या शेजारच्या खोलीत मोजे शोधतोय. त्याचे वडील सरकारी नोकरीत. मुलीचा भाऊ आत आहे म्हटल्यावर ते चपापले. थांबू या, म्हणाले, मुलगा सुटू दे. थांबू या म्हणजे नाही, हे अठरा वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. कोल्हापूरचं दुसरं स्थळ त्यांच्याकडे सांगून आलेलं होतं. निघताना सासूबाई जोड्यांत पाय घालता घालता हसून म्हणाल्या, की कान पिळायला भाऊ तरी हवा ना मांडवात! त्या सहज बोलल्या. पुढे अठरा वर्षांत त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. पण ते वाक्य मी घेऊन बसले.

जुलैत आईला ताप आला. तीन दिवसांचा, साधा, पावसाळ्यात सगळ्यांना येतो तो. तिसऱ्या दिवशी ती उठून भाकऱ्या करत होती आणि मी माडीवर बसून तुला पत्र लिहीत होते. "आईला बरं नाही. ताप उतरत नाही. तुझी आठवण काढते. तुला कळवू नये असं अण्णांचं म्हणणं, म्हणून मीच कळवते आहे." आणि वरची जागा कोरी. पॅरोलच्या अर्जाला तीन-चार आठवडे लागतात, ते मला माहीत होतं. कागदावर सही केली तर आठवड्यात सोडतात, तेही अण्णांच्याच तोंडून ऐकलेलं होतं. पत्र तपासणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं, आणि दिसलं नाही. जे दिसायचं ते फक्त तुला दिसणार होतं.

आजवर मी स्वतःला सांगत आले, की श्री विसरला. घाईत होते, आई खाली होती, कार्ड टाकायला जायचं होतं. मी विसरले नव्हते. मी पेन उचललं होतं आणि खाली ठेवलं होतं.

अकराव्या दिवशी तू आलास. दार आईनेच उघडलं, पिठाच्या हातांनी. तू तिच्याकडे पाहिलंस, आणि उंबऱ्याबाहेर पायरीवर बसलास. आईला वाटलं, चालून दमलास. ती रडत पाणी आणायला आत गेली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. मी खांबाला धरून उभी होते. तू मला मारलं असतंस तरी चाललं असतं. तू विचारलंस, "परीक्षा कशी गेली?" मी म्हणाले, बरी.

अण्णा शाळेतून आले, चप्पल काढली, तुला बघितलं आणि त्यांना कळलं, कारण इतर कुणीच सुटलेलं नव्हतं. सही करून आलास का, एवढं त्यांनी विचारलं. तू हो म्हणालास. का, म्हणून विचारलं. मी तिथेच होते, दादा. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तू एकदा माझ्याकडे बघितलंसही नाहीस. म्हणालास, "कंटाळलो होतो."

त्या एका शब्दावर अण्णा इतकी वर्षं जगले. मी चौदा महिन्यांत नाही कंटाळलो, हे त्यांनी आल्यागेल्याला सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, समितीतल्या लोकांनाही सांगितलं असेल. तुझ्याशी मात्र त्या दिवसानंतर बोलले नाहीत. डिसेंबरात माझं लग्न झालं. तू हरीशचा कान पिळलास, मान घेतलास, फेटा बांधून घेतलास, फोटोत हसलास. मग पंगतीला न बसता संध्याकाळच्या एसटीने गेलास. बार्शीच्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा मिळाली म्हणून पुढे कळवलंस, साडेतीन ओळींत. आई गेली तेव्हा आलास, आणि अण्णा घरात होते तोवर ओसरीच्या वर आला नाहीस. आईला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. एकदा मला म्हणाली, की आत त्याला कुणी काही केलं असेल गं, नाहीतर माझा मुलगा कंटाळणाऱ्यातला नाही. मी तिच्या वेणीला फणी लावत होते. फिरवत राहिले.

नईमच्या बहिणीला मी दोष देत नाही, हे तुला समजावं म्हणून लिहिते. ती बिचारी कपडे वाळत घालत होती. तिच्या नावाने दुसऱ्यांनी खोटं सांगितलं. मी माझ्या हाताने सांगितलं, आणि तेही लग्नाच्या हौसेपायी. तिचं वाक्य मला लागू पडतं ते फक्त दुसऱ्या अर्ध्यात. मला कुणी विचारलं नाही, हे तिचं खरं आहे. माझ्या बाबतीत तो बहाणा आहे. मला जीभ होती.

ते वाक्य मी परत घातलं. पूर्ण घातलं, एक अक्षर न छाटता. चित्रपट गेल्या पाच तारखेला इथल्या वस्तीच्या सभागृहात दाखवला, दोन ओळी जपानीत आणि दोन इंग्रजीत. साठेक माणसं होती. बहुतेक म्हातारी, घडीच्या खुर्च्यांवर ताठ बसलेली. हरीश आणि सईला मी नेलं होतं. ते वाक्य पडद्यावर आलं आणि गेलं. सव्वापाच सेकंद. बाहेर बूट घालताना सईने विचारलं, अर्थात जपानीत, की विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं कसं चालेल? मोठ्या माणसांना कोण विचारायला जाणार? मी म्हणाले, बूट घाल, थंडी आहे. पण घरी आल्यावर मी तिला बोलावलं, हरीशला बोलावलं, आणि दोघांना मराठीत सगळं सांगितलं. सईला कानपिळी म्हणजे काय ते आधी समजवावं लागलं. हरीश म्हणाला, की हे तेव्हा कळलं असतं तर मी तुझ्याशी लग्न केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. तो खरं बोलला. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फार सांभाळून वागलो. आता तो पुन्हा मोजे शोधायला लागलाय, म्हणजे ठीक आहे.

तर पत्रास कारण असं. अण्णांना मी सगळं कळवलं आहे. सासूबाईंचं वाक्य, ताप, कोरी जागा, उंबऱ्यावर तू काय विचारलंस ते, काही गाळलेलं नाही. ते पत्र सोमवारी रजिस्टरने हरीशनेच टाकलं, आणि हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा त्यांना मिळून आठवडा झाला असेल. मोतीबिंदूमुळे त्यांना पत्राचं बारीक अक्षर आता वाचता येत नाही, तेव्हा मेधा मोठ्याने वाचेल, सुशांत ऐकेल, आणि वाईत चार घरांत होईल. होऊ दे. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मी आनंदाने ऐकलं असतं. मला माफ कर असं मी म्हणत नाही. माफ तू त्या पायरीवरच केलंस, आणि तेच आपल्याला महाग पडलं. वाईला जा असंही मी सांगत नाही, ते तुझं तू ठरव. एकच मागते. अण्णा विचारतील. आता त्यांच्याकडे फार वेळ नाही, म्हणून ते विचारतीलच, स्वतः नाही तर मेधाकरवी. तेव्हा, दादा, माझी बाजू घेऊ नकोस.

तुझीच,
सुप्रभा